जगाच्या पत्त्यांची वही राखणारा माणूस

साताऱ्याच्या शनिवार पेठेतील एखादा जुना वाडा असो किंवा सांगलीच्या विश्रामबागेतील नवी सदनिका असो, घरात इंटरनेटची जोडणी घेण्याचा सोहळा आज बहुधा एकाच पद्धतीने पार पडतो. खांबावरून आलेली बारीक काळी केबल खिडकीच्या चौकटीतून आत येते. जोडणी करणारा तंत्रज्ञ तिचे टोक एका छोट्या पेटीत बसवतो आणि पेटीवरचे दिवे लुकलुकू लागतात. मग तो आपल्या लॅपटॉपवर १९२.१६८.१.१ असा काहीसा आकडा टाइप करतो, समोर उघडलेल्या पानावर कंपनीने दिलेले ग्राहकनाव आणि पासवर्ड भरतो, घरच्या वाय-फायला नाव देतो आणि क्षणभर थांबतो. लाल दिवा हिरवा होतो. थोड्याच वेळात घरातील आजी-आजोबा परदेशी असलेल्या नातवाशी बोलू लागतात. सारे काम अर्ध्या तासाच्या आत आटोपलेले असते.

दिवा लाल असताना आणि तो हिरवा होईपर्यंतच्या त्या क्षणात काय घडते, याचा विचार फारसा कुणी करत नाही. राउटर नावाची ती पेटी कंपनीच्या यंत्राशी ओळख पटवते आणि पत्ता मागते. कंपनी तिला आपल्याकडील साठ्यातून एक आकडा देते. हा साठा कंपनीकडे एका मोठ्या नोंदणी संस्थेकडून आलेला असतो आणि त्या संस्थेकडे जगाच्या एकाच मूळ नोंदवहीतून. ही वही नसती, तर साताऱ्याच्या घरासाठी निघालेली माहिती सांगलीलाच काय, सॅंटियागोलाही जाऊन पडली असती. जवळजवळ तीन दशके ही वही मुख्यतः एका माणसाने सांभाळली. त्याचे नाव जोनाथन ब्रूस पोस्टेल. संगणकाच्या जगात ते जॉन पोस्टेल या नावाने ओळखले जात.

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियातील अल्टाडीना येथे झाला. लॉस एंजलिसच्या परिसरातील व्हॅन नाइज हायस्कूलमध्ये त्यांचे शिक्षण झाले. पुढे इंटरनेटच्या जडणघडणीत ज्यांची नावे अग्रक्रमाने घेतली गेली, ते व्हिंटन सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हे दोघेही याच शाळेचे विद्यार्थी. तिघांच्या वाटा खऱ्या अर्थाने एकत्र आल्या त्या लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात. पोस्टेल यांनी तेथून १९६६ मध्ये अभियांत्रिकीची पदवी आणि १९६८ मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली आणि प्राध्यापक लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत ते काम करू लागले.

त्या वेळी अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन विभागाने निरनिराळ्या विद्यापीठांतील संगणक एकमेकांना जोडण्याचा प्रयोग हाती घेतला होता. अर्पानेट हे त्याचे नाव. १९६९ च्या ऑगस्टअखेर फ्रिजएवढे एक यंत्र प्रयोगशाळेत येऊन दाखल झाले. एका संगणकाकडून आलेली माहिती पुढच्या ठिकाणी रवाना करणे एवढेच त्याचे काम. आज घराघरांत कपाटावर बसलेल्या राउटरचा हा आद्य पूर्वज. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री या यंत्रातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकाला पहिला संदेश गेला. इंग्रजीतील लॉगिन हा शब्द पाठवायचा होता. पहिली दोन अक्षरे पोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला. घरी नवी जोडणी घेताना पहिल्या प्रयत्नात काही उघडले नाही म्हणून हिरमुसणाऱ्यांनी ही हकिगत ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

संगणक जोडले गेले. पण त्यांनी एकमेकांशी बोलायचे कसे, याचे नियम कुठेच नव्हते. ते ठरवण्याचे काम मुख्यतः विद्यार्थ्यांवरच येऊन पडले. क्रॉकर यांनी एप्रिल १९६९ मध्ये पहिले टिपण लिहिले. विद्यार्थ्यांनी नियम ठरवल्याचा आव नको, म्हणून या टिपणांना अभिप्रायासाठी विनंती अशा अर्थाचे नम्र नाव देण्यात आले. त्याचेच संक्षिप्त रूप म्हणजे आरएफसी. प्रत्येक टिपणाला क्रमांक देणे, मजकूर तपासणे, ते सर्वांना मिळेल अशी व्यवस्था करणे हे काम पोस्टेल यांच्याकडे आले आणि ते त्यांनी मृत्यूपर्यंत सोडले नाही. त्यांच्या हयातीत अशी दोन हजारांहून अधिक टिपणे निघाली आणि त्यांपैकी दोनशेहून अधिक त्यांनी स्वतः किंवा सहकाऱ्यांसह लिहिली.

टिपणांबरोबर आकडेही आले. कोणत्या संगणकाला कोणता क्रमांक दिला, कोणत्या सेवेसाठी कोणता आकडा राखून ठेवला, याची नोंद कुणीतरी ठेवणे भाग होते. हे काम कुणालाही नको असते. त्यात कीर्ती नाही, शोधनिबंध नाही आणि चूक झाली तर बोलणी मात्र खावी लागतात. पोस्टेल यांनी ते आपणहून अंगावर घेतले. मे १९७२ मध्ये लिहिलेल्या एका टिपणात त्यांनी आकडे वाटण्यासाठी एक मुखत्यार असावा असे सुचवले आणि तो आपणच का असू नये, अशी मिस्कील पृच्छाही जोडली. कुणी हरकत घेतली नाही. गावच्या दप्तराची वही जशी एखाद्या विश्वासू कुलकर्ण्याकडे जावी, तशी ही वही त्यांच्याकडे गेली.

योगायोग असा, की त्याच वर्षी भारतातही पत्त्यांचा प्रश्न आकड्यांनी सोडवला जात होता. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील नावे पाहिली तरी ही अडचण समजते. बोरगाव साताऱ्याजवळ आहे आणि वाळवा तालुक्यातही आहे. नुसते वडगाव असे लिहिलेले पत्र कऱ्हाडजवळच्या वडगाव हवेलीला न्यावे की खटाव तालुक्यातील जयरामस्वामींच्या वडगावला, हे टपाल खात्याने कसे ठरवावे? संस्कृतचे विद्वान आणि टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी त्यावर सहा आकडी पिनकोडची योजना आखली. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती अमलात आली आणि सातारा शहराला ४१५००१, तर सांगलीला ४१६४१६ अशी ओळख मिळाली. पिनकोडमागे सरकारचे एक अख्खे खाते उभे होते. पोस्टेल यांच्यामागे सहकाऱ्यांचा विश्वास आणि संशोधनासाठी मिळणारे अनुदान यांपलीकडे काही नव्हते.

१९७४ मध्ये पोस्टेल यांनी पीएचडी मिळवली. काही काळ त्यांनी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत, संगणकाच्या माउसचे जनक डग्लस एंजेलबार्ट यांच्या केंद्रात काम केले. मार्च १९७७ मध्ये ते दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत रुजू झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. लांब दाढी, पायांत सॅंडल, साधे कपडे आणि कागदांच्या ढिगांनी भरलेली खोली असे त्यांचे रूप होते. सुटीत ते पाठीवर बोजा घेऊन सिएरा नेवाडाच्या डोंगरांत भटकत. बोलणे मोजके, आवाज हळू आणि मत मात्र ठाम.

या ठामपणाचा पहिला मोठा लाभ जगाला झाला तो ऑगस्ट १९७७ मध्ये. त्या सुमारास निरनिराळी जाळी एकमेकांना जोडण्यासाठी सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी आखलेली एक नियमावली घडत होती. माहिती नीट पोचली की नाही हे पाहणे आणि ती वाटेत पुढे ढकलणे ही दोन्ही कामे तिच्यात एकत्र गुंफलेली होती. पोस्टेल यांनी टिपण लिहून ही गुंफण चुकीची असल्याचे स्पष्टपणे मांडले. वाटेतल्या यंत्राने फक्त पत्ता वाचावा, आतल्या मजकुराचा हिशेब दोन टोकांच्या संगणकांनी ठेवावा, असा त्यांचा आग्रह होता. पोस्टमनने पाकिटावरचा पत्ता पाहावा, पाकीट उघडू नये, असाच हा नियम. १९७८ मध्ये तो मान्य झाला आणि टीसीपी व आयपी असे दोन भाग वेगळे झाले. घरातील राउटर इतका स्वस्त आणि साधा होऊ शकला, याचे एक मोठे कारण या विभागणीत आहे. त्याला चित्रपट, ईमेल किंवा बँकेचा व्यवहार यांतले काहीही समजावे लागत नाही. आलेले पाकीट कोणत्या दाराने पुढे पाठवायचे एवढे कळले की त्याचे मूळ काम भागते.

सप्टेंबर १९८१ मध्ये पोस्टेल यांच्या संपादनाखाली या नियमांची पक्की टिपणे प्रसिद्ध झाली. आजही वापरात असलेला चार आकड्यांचा आयपी पत्ता त्यांतलाच. त्यांबरोबरच आलेले एक छोटे टिपण वाटेतील अडचणी कळवण्याच्या पद्धतीविषयी होते. जोडणी झाल्यावर तंत्रज्ञ पिंग नावाची आज्ञा देऊन पलीकडून उत्तर येते का ते पाहतो, ती तपासणी या टिपणावरच उभी आहे. पुढच्या वर्षी ईमेल पाठवण्याच्या नियमांचे टिपण आले. तेही पोस्टेल यांचेच.

नवे नियम लिहिणे एक आणि सर्वांना ते स्वीकारायला लावणे दुसरे. जुनी पद्धत सोडून नवी घेण्यासाठी १ जानेवारी १९८३ ही तारीख ठरली. चालढकल करणारे तेव्हाही होतेच. तेव्हा १९८२ मध्ये जुनी पद्धत काही काळ मुद्दाम बंद ठेवून पाहण्यात आली. ज्यांनी तयारी केली नव्हती, त्यांचे संगणक मुके झाले आणि तारीख खरोखरच पाळली जाणार आहे हे सर्वांना उमगले. ठरल्या दिवशी बदल झाला. आजचे इंटरनेट त्या दिवसापासून मोजण्याची प्रथा आहे.

नियमांचे टिपण लिहिताना पोस्टेल यांनी एक वर्तनसूत्रही घालून दिले होते. आपण पाठवताना काटेकोर असावे आणि दुसऱ्याचे स्वीकारताना सैल हाताने घ्यावे, असा त्याचा आशय. निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे, थोड्याफार चुकांसह, एकमेकांशी बोलू शकली ती या उदारपणामुळे. पुढे काही तज्ज्ञांनी याच सूत्रावर टीका केली. चुका खपवून घेतल्या की त्या रुजतात आणि त्यांचाच फायदा दुष्टबुद्धीची माणसे घेतात, असे त्यांचे म्हणणे आहे. पोस्टेल यांचे जाळे एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांचे होते, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी लागते.

आकडे यंत्रांना सोयीचे असले तरी माणसांना नावे लागतात. सुरुवातीला जाळ्यातील सर्व संगणकांची नावे एकाच यादीत असत आणि ती यादी जो तो उतरवून घेई. संगणक वाढले तशी ती यादी आवरेनाशी झाली. १९८३ मध्ये पोस्टेल यांनी आपल्याच संस्थेतील पॉल मोकापेट्रिस यांना यावर तोड काढायला सांगितले. त्यांनी रचलेली व्यवस्था म्हणजे डीएनएस. एका यादीऐवजी नावांचा वंशवृक्ष आणि प्रत्येक फांदीची जबाबदारी निरनिराळ्या माणसांकडे, अशी तिची मांडणी आहे. घरात वाय-फायची खूण पूर्ण दिसते, दिवाही हिरवा असतो आणि तरी एकही पान उघडत नाही, तेव्हा अनेकदा दोष या नावांच्या सेवेत असतो. राउटरमध्ये डीएनएसचा आकडा चुकीचा पडलेला असतो आणि तो बदलताच सारे सुरळीत होते.

या वृक्षाच्या मुख्य फांद्या कोणत्या असाव्यात, हे ठरवताना पोस्टेल यांच्यातला दूरदर्शी कारकून दिसतो. देशांना नावे द्यायची तर देश कोणाला म्हणायचे, हा प्रश्न उभा राहतो. नावाच्या मागे केवढा इतिहास आणि भावना असतात, हे या भागाला सांगायला नको. १९४९ मध्ये निर्माण झालेला दक्षिण सातारा जिल्हा १९६० मध्ये सांगली झाला, तो सरकारच्या निर्णयाने. पोस्टेल यांच्याजवळ असे कोणतेही सरकार नव्हते आणि त्यांना ते व्हायचेही नव्हते. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेकडे देशांच्या दोन अक्षरी संक्षेपांची तयार यादी होती. तीच त्यांनी उचलली. त्या यादीत असेल तो देश, नसेल तो नाही, म्हणजे वाद त्या दारी. मार्च १९९४ च्या टिपणात त्यांनी हे धोरण लेखी मांडले आणि अशा फांदीचा सांभाळ करणारा हा मालक नसून त्या समाजाचा विश्वस्त आहे, अशी भूमिका घेतली.

भारताची डॉट इन ही फांदी या वहीत ८ मे १९८९ रोजी नोंदली गेली. तिचा सांभाळ मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे आला. एर्नेट या शैक्षणिक जाळ्याच्या उभारणीत या केंद्राचा मोठा वाटा होता. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमकडून आणि तेही महानगरांत. सातारा-सांगलीच्या घरांत ते पोचायला आणखी काळ जावा लागला. टेलिफोनच्या तारेतून किरकिरत जोडला जाणारा मोडेम, फोन आला की तुटणारी जोडणी आणि बिलाची धास्ती यांची आठवण अनेकांना अजून असेल. २००५ मध्ये भारत संचार निगमची ब्रॉडबँड सेवा आली आणि घरातली जोडणी कायम चालू राहू शकते, हे निमशहरी महाराष्ट्राला कळू लागले.

दरम्यान पोस्टेल यांच्या वहीतली पाने संपत चालली होती. चार आकड्यांच्या पद्धतीत एकूण ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते होतात. १९८१ मध्ये ही संख्या अफाट वाटली. नव्वदच्या दशकात ती अपुरी ठरणार हे स्पष्ट झाले. त्यावरील एक तात्पुरता उपाय फेब्रुवारी १९९६ च्या एका टिपणाने पक्का केला. पोस्टेल यांच्या नोंदणी कार्यालयाने काही आकडे कायमचे बाजूला काढून ठेवले. ते जगात कुणालाही द्यायचे नाहीत. आपापल्या घरात किंवा कचेरीत ते कुणीही वापरावेत. १९२.१६८ ने सुरू होणारे आकडे त्यांपैकीच. म्हणूनच शनिवार पेठेतल्या राउटरचा घरातला पत्ता आणि विश्रामबागेतल्या राउटरचा घरातला पत्ता सारखा असला, तरी गोंधळ होत नाही. वाड्यातल्या खोल्यांना क्रमांक द्यावेत तसे ते आहेत. टपाल वाड्याच्या दरवाजापर्यंत एका पत्त्यावर येते आणि आत कोणत्या खोलीत न्यायचे ते राउटर पाहतो. घरातील मोबाइल, दूरदर्शन संच, कॅमेरा या साऱ्यांना तो स्वतःच आतले आकडे वाटून देतो.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात जाळ्याचे रूपच पालटले. विद्यापीठांच्या जाळ्यात बाजार आला. नावांची नोंदणी अमेरिकेतील एका खासगी कंपनीकडे कंत्राटाने सोपवलेली होती आणि १९९५ पासून त्या नोंदणीला शुल्क लागू झाले. जे काम पोस्टेल आणि त्यांच्या सहकारी जॉइस रेनल्ड्स खेळीमेळीने करत, त्याला आता कोट्यवधी डॉलरचे मोल आले. नव्या फांद्या काढून या मक्तेदारीला शह द्यावा, असा प्रयत्न पोस्टेल यांनी इतरांच्या मदतीने केला. तो तडीस गेला नाही. वहीवर खरा अधिकार कोणाचा, तिला राखणाऱ्याचा, पैसे देणाऱ्या सरकारचा की वापरणाऱ्या जगाचा, हा प्रश्न उघडपणे विचारला जाऊ लागला. पंचवीस वर्षे तो कुणी विचारलाच नव्हता, कारण कारभार चोख होता.

२८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी आयुष्यातले सर्वांत वादग्रस्त पाऊल उचलले. डीएनएसच्या वृक्षाचे मूळ तेव्हा तेरा सर्व्हरवर होते आणि त्यांपैकी बारा जण त्या कंपनीकडील मुख्य सर्व्हरवरून नक्कल घेत. पोस्टेल यांनी या बारापैकी आठ चालकांना ईमेल पाठवून यापुढे नक्कल आपल्या संस्थेच्या सर्व्हरवरून घ्यावी, अशी विनंती केली. आठही जणांनी ती मानली. नावांच्या यादीत काहीच फरक नसल्याने जगात कुठेही कुणाच्या काही ध्यानात आले नाही. एका साध्या पत्राने इंटरनेटच्या मुळाचा मोठा भाग एका प्राध्यापकी खोलीकडे वळला होता. अमेरिकी सरकार मात्र हादरले. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी हे ताबडतोब पूर्ववत करण्यास बजावले. पोस्टेल यांनी हा केवळ प्रयोग असल्याचे सांगितले आणि आठवड्याभरात सारे होते तसे केले.

तो प्रयोग होता की इशारा, यावर आजही मतभेद आहेत. पोस्टेल यांच्या बाजूने सांगायचे तर ही वही कोणत्याही एका सरकारची किंवा कंपनीची मालमत्ता नाही, हे त्यांना दाखवायचे असावे. विरुद्ध बाजूही तितकीच विचारात घेण्याजोगी आहे. साऱ्या जगाचे दळणवळण ज्या नोंदीवर चालते ती एका माणसाच्या शब्दावर इकडची तिकडे होऊ शकते, हे त्या आठवड्यात सिद्ध झाले. माणूस सज्जन होता म्हणून निभावले. तो तसा नसता तर कुणाकडे दाद मागायची, याचे उत्तर तेव्हा कुठेही लिहिलेले नव्हते. स्वतः पोस्टेल यांनाही ही उणीव दिसत होती. उरलेले महिने त्यांनी ही वही एखाद्या संस्थेच्या हाती सोपवण्याच्या खटाटोपात घालवले. ३० सप्टेंबर १९९८ रोजी आयकॅन ही ना-नफा संस्था नोंदली गेली. पोस्टेल तिचे मुख्य तंत्रज्ञ होतील, अशी अपेक्षा होती.

ते व्हायचे नव्हते. पोस्टेल यांच्या हृदयाची झडप काही वर्षांपूर्वी बदलावी लागली होती; तिने पुन्हा त्रास दिला. शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीमुळे १६ ऑक्टोबर १९९८ रोजी लॉस एंजलिस येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे ५५. संस्था स्थापन होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. त्यांचा शाळासोबती व्हिंटन सर्फ यांनी लिहिलेला मृत्युलेख आरएफसीच्या मालिकेतच क्रमांक देऊन प्रसिद्ध झाला. ज्या टिपणांना त्यांनी आयुष्यभर क्रमांक दिले, त्याच रांगेत त्यांची आठवण जाऊन बसली. इंटरनेट सोसायटी १९९९ पासून त्यांच्या नावाने सेवा पुरस्कार देते.

त्याच १९९८ साली वारणेच्या खोऱ्यात वायर्ड व्हिलेज प्रकल्प आकाराला येत होता. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावांत संगणक बसवून ऊस उत्पादकांना आपल्या उसाचे वजन, बिल यांची माहिती गावातच मिळावी, अशी ती योजना होती. संगणकाला वीज आणि देखभाल लागते, हे अनुभवाने कळल्यावर पुढे काही गावांत हेच काम मोबाइल संदेशांवर करून पाहण्यात आले. लॉस एंजलिसमधील वहीचा आणि वारणाकाठच्या उसाच्या वजनाचा थेट संबंध नाही. पण नोंद आपल्याला दिसावी आणि ती राखणारा विश्वासाचा असावा, ही शेतकऱ्याची मागणी पोस्टेल यांना परकी वाटली नसती.

पोस्टेल यांच्या मागे त्यांची वही टिकली, हे त्यांचे खरे यश मानावे लागेल. ३ फेब्रुवारी २०११ रोजी मूळ साठ्यातले जुन्या पद्धतीचे शेवटचे पत्ते वाटले गेले. घरांची मागणी मात्र थांबली नाही. आज अनेक कंपन्या एकच जाहीर पत्ता कित्येक ग्राहकांत वाटून देतात. घरचा कॅमेरा बाहेरगावाहून पाहण्यात कधी कधी अडचण येते, तिचे एक कारण हे वाटेकरीपण आहे. त्यावरचा कायमचा उपाय म्हणजे आयपी सहाव्या आवृत्तीचे लांबलचक पत्ते. त्यांचे पहिले नियम डिसेंबर १९९५ मध्ये, पोस्टेल यांच्या हयातीतच, टिपणरूपाने आले होते. नव्या राउटरमध्ये ही सोय असते. कंपनी ती देत असेल तर ती चालू आहे की नाही, हे जोडणीच्या वेळीच पाहून घेणे हिताचे. भारत हे देवनागरीतील नावही या वृक्षावर एक फांदी म्हणून आहे. १ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकी सरकारने या नोंदवहीवरील आपली देखरेख सोडली आणि वही कोणाची, या जुन्या प्रश्नाला निदान कागदोपत्री उत्तर मिळाले.

सांगलीच्या गावभागात किंवा साताऱ्याच्या सदाशिव पेठेत उद्या कुणाच्या तरी घरी नवी पेटी बसेल. तंत्रज्ञ १९२.१६८ ने सुरू होणारा तो आकडा सवयीने टाइप करील, दिवा हिरवा होईल आणि घरातील मंडळी आपापल्या कामाला लागतील. तो आकडा कुणी, केव्हा आणि का राखून ठेवला, हे विचारण्याची वेळ त्यांच्यावर येणार नाही. दप्तर चोख असले की गावात कुलकर्ण्याचे नाव फारसे निघत नाही. पोस्टेल यांची तक्रारही नसती.